क्रिस्पर: रुग्णाच्या पेशीत चालतं, मग भ्रूणात का नाही?

चौकस (मूळ प्रश्न)

८ डिसेंबर २०२३ ला अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधांना मान्यता देणाऱ्या संस्थेने, सिकल सेल ह्या रक्ताच्या आनुवंशिक आजारासाठी कॅसजेव्ही हा क्रिस्परवर (डीएनए कापणाऱ्या कात्रीवर) आधारलेला उपचार मान्य केला. ब्रिटनने तर तीन आठवडे आधीच होकार दिला होता. त्याउलट, नोव्हेंबर २०१८ मध्ये हे जियानकुई ('हे' हे आडनाव) ह्या चिनी संशोधकाने क्रिस्पर वापरलेल्या भ्रूणांतून जुळ्या मुली जन्मल्याचं जाहीर केलं, आणि २०१९ संपायच्या आत त्याला तीन वर्षांची कैद आणि ३० लाख युआन दंड झाला. कात्री तीच. एकाला शाबासकी, दुसऱ्याला बेड्या.

कारण विचारलं की 'निसर्गात ढवळाढवळ' हे उत्तर हमखास मिळतं. ते पटत नाही. लस, जिवाणूंकडून बनवून घेतलेलं इन्शुलिन, टेस्ट ट्यूब बेबी, ही सगळी ढवळाढवळच आहे. म्हणून नेमके प्रश्न विचारतो:

१. रुग्णाच्या पेशी संपादित करताना प्रत्यक्षात काय काय करतात आणि गाडी कुठे अडते?
२. भलत्या जागी कट गेला नाही, हे कशावरून ठरवतात?
३. तंत्र सुधारून चूक शून्यावर आली असं समजू. तरीही भ्रूणाला हात लावू नये असं म्हणायला काही आधार उरतो का?

निळ्या डोळ्यांची, सहा फुटी, हुशार बाळं वगैरे चर्चा कृपया नको. उंचीचंच बघा, २०२२ च्या एका मोठ्या अभ्यासात उंचीशी संबंधित १२,००० हून अधिक जागा सापडल्या. तिथे कात्री कुठे कुठे चालवणार?

पेशीपुराण

पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो, बाकीच्या दोन प्रश्नांना इथे जास्त जाणकार मंडळी आहेत.

कात्री म्हणजे कॅस-९ हे प्रथिन, आणि तिला पत्ता सांगणारा गाइड आरएनए. पत्ता २० अक्षरांचा असतो. शिवाय डीएनएवर त्या पत्त्याला लागूनच 'एनजीजी' अशी तीन अक्षरं लागतात, त्यातलं एन म्हणजे कोणतंही अक्षर. ह्याला पॅम म्हणतात. पॅम नसेल तर वीसची वीस अक्षरं जुळूनही कात्री चालत नाही. असेल तर पॅमच्या तीन अक्षरं अलीकडे दोन्ही धागे तुटतात. कात्रीचं काम इथे संपलं. पुढचं सगळं पेशी करते आणि तिथे आपलं फारसं चालत नाही. ती तुटलेली टोकं घाईघाईने जोडते, जोडताना एखाददुसरं अक्षर गळतं किंवा जास्तीचं घुसतं. एखादी गोष्ट बंद पाडायची असेल तर हे सोयीचंच आहे. दुरुस्त करायची असेल तर पंचाईत.

कॅसजेव्हीमध्ये दुरुस्ती नसून मोडतोडच आहे, हे बातम्यांत सहसा सांगत नाहीत. सिकल सेलमध्ये बीटा ग्लोबिनच्या जनुकात जीएजीच्या जागी जीटीजी असतं, एका अक्षराचा फरक. त्याला हातच लावलेला नाही. जन्मानंतर गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन बनणं जवळजवळ बंद होतं, ते बंद करणारं बीसीएल११ए नावाचं जनुक आहे. हे जनुक लाल पेशींच्या वंशात चालू ठेवणारा एक छोटा स्विच असतो, कात्री त्या स्विचवर चालते. जोडणी कशीही वेडीवाकडी झाली तरी स्विच मोडतोच. मग गर्भावस्थेतलं हिमोग्लोबिन पुन्हा बनू लागतं आणि लाल पेशींना कोयत्याचा आकार येणं टळतं.

आता क्रम. आधी किमान ८ आठवडे रक्त बदलत राहतात, जेणेकरून सिकल हिमोग्लोबिन ३० टक्क्यांच्या खाली राहील. मग अस्थिमज्जेतल्या मूळपेशी रक्तात उतरवण्यासाठी प्लेरिक्साफॉर देतात. इतर रुग्णांत ह्या कामाला जी-सीएसएफ सर्रास वापरतात, पण सिकल सेलमध्ये त्याने पांढऱ्या पेशी एकदम वाढून जीवघेणा झटका येऊ शकतो, म्हणून ते वर्ज्य. परिणामी एका फेरीत पुरेशा पेशी मिळतीलच असं नाही, आणि पहिली अडचण इथेच येते. वजनाच्या दर किलोमागे निदान २ कोटी सीडी३४ पेशी (सीडी३४ ही मूळपेशींची खूण) गोळा करण्याचं लक्ष्य असतं. त्याखेरीज किलोमागे २० लाख पेशी संपादन न करता बाजूला गोठवून ठेवतात. ह्या विम्याच्या पेशी. पुढे सगळं फसलं तर रुग्णाला त्याच्याच जुन्या पेशी परत देता याव्यात म्हणून.

प्रयोगशाळेत विजेचा झटका देऊन पेशींच्या पडद्याला क्षणभर छिद्रं पाडतात आणि कॅस-९ प्रथिन गाइडसकट आत सोडतात. प्रथिनच का, त्याचं जनुक का नाही? कारण प्रथिन एकदोन दिवसांत पेशी स्वतःच मोडून टाकते. जनुक सोडलं तर ते दिवसेंदिवस नवीन कात्र्या बनवत बसेल, आणि जितकी कात्री जास्त वेळ मोकळी तितके भलतीकडचे कट जास्त. संपादन, तपासण्या, गोठवणं धरून ह्या टप्प्याला सहा महिनेही लागू शकतात.

मग चार दिवस ब्युसल्फान हे केमोथेरपीचं औषध देऊन रुग्णाची जुनी मज्जा रिकामी करतात. ते संपल्यावर ४८ तासांनंतर, पण ७ दिवसांच्या आत, किलोमागे किमान ३० लाख संपादित पेशी शिरेतून देतात. त्यानंतर पेशी मज्जेत रुजेपर्यंत रुग्णाला प्रतिकारशक्ती जवळपास नसते. प्लेटलेट यायला उशीर होतो. तोंड सोलून निघतं. वंध्यत्वाचा धोका असतो, म्हणून बीजांडं किंवा शुक्राणू आधीच गोठवून ठेवायचा सल्ला देतात. आजवरचा ताप बघितला तर त्यातला बहुतेक ह्या ब्युसल्फानचा आहे, कात्रीचा नाही. गंमत म्हणजे चर्चा मात्र सगळी कात्रीचीच होते.

मान्यतेच्या वेळी ज्या ३१ जणांची माहिती मोजण्याजोगी होती, त्यातल्या २९ जणांना सलग किमान १२ महिने वेदनांचा गंभीर झटका आला नव्हता.

चौकस

हे फारच उपयोगी आहे, आभार. पण जीटीजीचं जीएजी करून मूळ दोषच का काढत नाहीत? वीस अक्षरांचा अचूक पत्ता आहे म्हणता.

पेशीपुराण

पत्ता अचूक आहे, दुरुस्ती पेशीच्या मर्जीवर. बरोबर अक्षर बसवायचं तर कटासोबत नमुन्याचा डीएनए द्यावा लागतो आणि पेशीने तो बघून जोडणी करावी लागते. हा मार्ग पेशी विभाजनाच्या तयारीत असतानाच वापरते, आणि नेमक्या दीर्घकाळ टिकणाऱ्या मूळपेशी बहुतेक वेळ झोपलेल्या असतात. नमुना न बघता घाईची जोडणी झाली की बीटा ग्लोबिनच मोडतं, म्हणजे सिकल सेल काढायला गेलात आणि थॅलेसेमियासारखी पेशी हातात आली.

२०१६-१७ पासून बेस एडिटर आले. ते दोन्ही धागे न तोडता एका अक्षराचं रसायन बदलतात. त्यांनाही इथे जीएजी करता येत नाही, कारण ए चं जी आणि सी चं टी एवढंच त्यांना जमतं, टी चं ए नाही. पण जीटीजीचं जीसीजी होऊ शकतं. ते अक्षर समोरच्या धाग्यावरून बदलतं. जीसीजी म्हणजे मकासर नावाचा, माणसांत आधीपासून आढळलेला निरुपद्रवी प्रकार. दोषाच्या जागी मूळ रूप न आणता चालणारं दुसरं रूप आणायचं, ही युक्ती मला फार आवडते. अडचण एवढीच की बेस एडिटर चार-पाच अक्षरांच्या खिडकीत काम करतो, खिडकीत शेजारी दुसरं ए असेल तर तेही बदलतं.

दुर्बीण

दुसरा प्रश्न माझ्या आवडीचा. 'भलत्या जागी कट गेला नाही' असं कोणीही प्रामाणिक माणूस म्हणत नाही. 'आम्ही शोधलं तिथे, आमच्या मोजमापाच्या मर्यादेत, सापडला नाही' असं म्हणतात. ह्या दोन वाक्यांत केवढं अंतर आहे ते दाखवतो.

शोध तीन पायऱ्यांनी होतो. आधी संगणकावर संपूर्ण जीनोममध्ये गाइडशी दोन, तीन, चार अक्षरांच्या फरकाने जुळणाऱ्या आणि शेजारी पॅम असलेल्या जागा काढतात. मग नळीत किंवा पेशींत कात्री प्रत्यक्ष चालवून तुटलेली टोकं पकडतात. गाइड-सीक, सर्कल-सीक ही त्याच कामाची तंत्रं. दोन्हींतून निघालेल्या संशयित जागांची यादी घेऊन शेवटी संपादित पेशींत प्रत्येक जागा पीसीआरने वाढवून खोलवर वाचतात. ह्या शेवटच्या वाचनाची मर्यादा साधारण ०.१ टक्का धरा, त्याखाली यंत्राच्या स्वतःच्या चुका आणि खरे कट वेगळे काढणं कठीण.

आता हिशेब. ६० किलोच्या माणसाला किलोमागे ३० लाख म्हणजे एकूण १८ कोटी पेशी. त्यांच्या ०.१ टक्का म्हणजे १ लाख ८० हजार. इतक्या पेशींत एखादा भलता कट असला तरी अहवालात 'आढळला नाही' असंच येईल. घाबरू नका, त्यातल्या फार थोड्या पेशी खऱ्या अर्थाने दीर्घायुषी मूळपेशी असतात, आणि बहुतेक कट जिथे पडतात तिथे काही बिघडत नाही. पण 'शून्य' हा शब्द वापरायचा नाही.

दुसरी भानगड यादीची. संगणक शोधतो तो संदर्भ जीनोममध्ये, म्हणजे नमुना म्हणून ठरवलेल्या प्रमाण जीनोममध्ये, तुमच्या रुग्णात नाही. कॅसजेव्हीच्याच गाइडसाठी असं दिसलं की मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळणाऱ्या एका अक्षराच्या बदलामुळे एका जागी नवीन पॅम तयार होतं. संदर्भ जीनोममध्ये ते नाहीच, त्यामुळे साध्या शोधात ती जागा येत नाही. आणि सिकल सेलचे रुग्ण मोठ्या संख्येने त्याच वंशाचे. ३१ ऑक्टोबर २०२३ ला एफडीएच्या सल्लागार समितीने एवढ्याच विषयावर, म्हणजे भलत्या कटांचा शोध पुरेसा झाला का ह्यावर, दिवसभर चर्चा केली. नैतिकतेचा प्रश्न म्हणाल तर हा आहे: कोणाचा जीनोम समोर ठेवून सुरक्षितता तपासली?

तिसरी गोष्ट, आणि ही सगळ्यात फसवी. बरोबर जागी पडलेला कटसुद्धा घोळ घालतो. २०१८ मध्ये दिसून आलं की कटाच्या जागी कधी कधी हजारो अक्षरं सलग गळतात. आता पीसीआरचं काय होतं बघा. कटाच्या दोन्ही बाजूंना शंभर-दीडशे अक्षरांवर प्रायमर (नक्कल जिथून सुरू होते तो डीएनएचा छोटा तुकडा) चिकटवून मधला तुकडा वाढवतात. २,००० अक्षरं गळाली तर प्रायमर चिकटायची जागाच गेली. ती प्रत वाढतच नाही, अहवालात येतच नाही. जनुकाच्या आईकडची आणि बापाकडची अशा दोन प्रती असतात, त्यातली दुसरी, शाबूत प्रत तेवढी वाचली जाते आणि निकाल दिसतो शंभर टक्के स्वच्छ. म्हणजे सर्वात मोठी चूक सर्वात सुंदर अहवाल देते! उपाय आहेत. लांब पल्ल्याचं वाचन करायचं, किंवा कटाजवळच्या, दोन्ही प्रतींत फरक असलेल्या अक्षरांवर लक्ष ठेवून दोन्ही प्रती हजर आहेत ना ते बघायचं. पण ते मुद्दाम करावे लागतात.

२०१८ मध्येच आणखी एक गोष्ट लक्षात आली. कट पडला की पेशीतलं पी५३ हे पहारेकरी प्रथिन जागं होतं आणि पेशीला थांबवतं किंवा मारतं. ज्या पेशीत पी५३ आधीच मोडकं आहे ती मात्र मजेत वाढते. त्यामुळे 'संपादन फार छान झालं' अशा पेशी निवडताना नकळत कॅन्सरच्या वाटेवरच्या पेशी निवडल्या जाऊ शकतात. म्हणून अंतिम साठ्यात पी५३ वाचून बघणं शहाणपणाचं.

आणि नंतरची देखरेख. एफडीए अशा उपचारांनंतर १५ वर्षांपर्यंत पाठपुरावा सुचवतं. विषाणूतून जनुक घुसवण्याच्या जुन्या पद्धतीत प्रत्येक पेशीत ते वेगळ्या जागी बसतं, त्यामुळे एकाच पेशीची पिलावळ बेसुमार वाढू लागली तर ती जागेवरून ओळखता येते. दोन दशकांपूर्वी एक्स-स्किड ह्या जन्मजात प्रतिकारशक्ती नसण्याच्या रोगाच्या चाचण्यांत मुलांना ल्युकेमिया झाला, तेव्हा एलएमओ२ जनुकाशेजारी विषाणू बसल्याचं असंच सापडलं. क्रिस्परमध्ये बहुतेक पेशींत तेच एकदोन अक्षर गळलेलं असतं, ओळखपट्टी नसते. धोका कमी, पण माग काढणंही अवघड.

तिरकस

चौकस, तुमच्या तिसऱ्या प्रश्नातच मेख आहे. 'चूक शून्यावर आली असं समजू' म्हणता, पण भ्रूणात चूक शून्यावर आली हे कळणार कसं? दुर्बीण ह्यांनी वर जे लिहिलंय त्यातलं एकेक पाऊल भ्रूणाला लावून बघा.

रक्ताच्या बाबतीत कोट्यवधी पेशी बाहेर काढल्या, संपादित केल्या, त्यातल्या काही लाख फोडून वाचल्या, पटलं तरच उरलेल्या परत दिल्या. नाही पटलं तर फेकून द्या, विम्याच्या पेशी आहेतच. भ्रूण म्हणजे सुरुवातीला एकच पेशी. ती फोडून वाचली तर भ्रूण संपला. म्हणून आधी संपादन करायचं आणि पाच-सहा दिवस वाढवून मग नमुना घ्यायचा. तोवर दीड-दोनशे पेशी झालेल्या असतात. नमुना पाच ते दहा पेशींचा, आणि तो बाहेरच्या थरातून घेतात, ज्याची पुढे वार बनते. बाळ आतल्या पुंजक्यापासून बनतं, त्याला हात लावता येत नाही.

एरवी ह्याने फारसं अडत नाही, कारण आईबापांकडून आलेला दोष प्रत्येक पेशीत सारखाच असतो. संपादनात तसं नसतं. कात्री आत सोडल्यावर ती चालेपर्यंत डीएनएची नक्कल सुरू झालेली असते, कधी पेशीचे दोन भागही झालेले असतात. मग एका पेशीत एक बदल, दुसरीत दुसरा, तिसरीत काहीच नाही. ह्याला मोझेइक म्हणतात. वारेच्या सात पेशी स्वच्छ निघाल्या तर बाळाच्या मेंदूबद्दल काय कळलं? काहीच नाही. त्यात एका पेशीत डीएनए असतो साधारण ६ पिकोग्रॅम. वाचण्याआधी तो हजारो पटींनी वाढवावा लागतो, आणि वाढवताना दोनपैकी एक प्रत हरवणं ही नेहमीची रड. प्रत मुळात गळाली होती की वाढवताना हरवली, हे मागाहून सांगता येत नाही.

हा नुसता तर्क नाही. ऑगस्ट २०१७ मध्ये हृदयाचा स्नायू जाड करणाऱ्या एमवायबीपीसी३ जनुकातला दोष मानवी भ्रूणांत दुरुस्त झाल्याचा दावा आला. बीजांडात शुक्राणू आणि कात्री एकाच वेळी सोडून त्यांनी मोझेइकचं प्रमाणही खाली आणलं होतं. भ्रूणाने आईची चांगली प्रत बघून बापाची दुरुस्त केली, असं त्यांचं म्हणणं. लगेच हरकत निघाली: बापाच्या प्रतीत मोठी गळती झाली असेल तरी तुमच्या चाचणीत फक्त आईचीच प्रत दिसणार! वर लिहिलेला 'सुंदर अहवाल' तो हाच. पुढे २०२० मध्ये, दुसऱ्या गटाने सहाव्या गुणसूत्रावरच्या ईवायएस जनुकात कट दिला, तेव्हा सुमारे निम्म्या कटांची जोडणीच झाली नव्हती आणि गुणसूत्राचा एक हात किंवा अख्खं गुणसूत्र गळालं होतं. भ्रूण काही अस्थिमज्जेच्या पेशीसारखा वागत नाही.

दुसरा मुद्दा गरजेचा. दोघे आईबाप वाहक (दोनपैकी एकच प्रत सदोष, स्वतः निरोगी) असतील तर दर चार भ्रूणांत सरासरी एकालाच आजार असतो. आयव्हीएफ करून भ्रूण तपासले आणि निरोगी निवडला की झालं. आता गंमत बघा, संपादन एकपेशी अवस्थेत करावं लागतं आणि तेव्हा कोणता भ्रूण आजारी आहे ते माहीतच नसतं. म्हणजे एका आजारी भ्रूणासाठी तीन निरोगी भ्रूणांवर कात्री चालवायची. ह्याला उपचार कसं म्हणायचं?

जियानकुईच्या प्रकरणात तर आजारच नव्हता. वडील एचआयव्हीबाधित होते, पण शुक्राणू धुऊन घेतले की तो संसर्ग टाळता येतो, आणि ते केलंही होतं. एचआयव्हीला पेशीत शिरायला वाट देणाऱ्या सीसीआर५ जनुकामध्ये निसर्गतः आढळणारी ३२ अक्षरांची गळती संरक्षण देते म्हणून ते जनुक निवडलं, पण नेमकी ती ३२ अक्षरांची गळती एकाही मुलीत झाली नाही. जे बदल झाले ते आधी कुठल्याच माणसात तपासलेले नव्हते. सीसीआर५ नसलं तर वेस्ट नाइल विषाणूचा आजार अधिक गंभीर होतो, हे तेव्हा माहीत होतं.

रानपाखरू

तिरकस ह्यांच्या तांत्रिक मुद्द्यांशी भांडण नाही. पण त्यातून 'कधीच नको' असा निष्कर्ष निघत नाही, आणि दोन गोष्टी राहून गेल्या आहेत.

एक, कॅसजेव्हीने बीजांडं किंवा शुक्राणू बदलत नाहीत. बरा झालेला रुग्णही सिकलचं जनुक मुलांना देतोच. दोन बऱ्या झालेल्या रुग्णांनी लग्न केलं तर त्यांच्या शंभर टक्के भ्रूणांत आजार असणार. निवडायला निरोगी भ्रूण उरतच नाही. म्हणजे उपचार जितके यशस्वी तितकी अशी जोडपी वाढणार. सप्टेंबर २०२० मध्ये अमेरिकेच्या विज्ञान अकादम्या आणि ब्रिटनच्या रॉयल सोसायटीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने हेच म्हटलं होतं की तंत्र अजून तयार नाही, पण झालंच तर पहिला वापर गंभीर आजारासाठी आणि निरोगी भ्रूणाची शक्यता नसलेल्या किंवा फारच कमी असलेल्या जोडप्यांपुरता असावा.

दोन, पुढच्या पिढीत उतरणारा बदल म्हणजे लक्ष्मणरेषा असं म्हणणाऱ्यांनी मायटोकॉन्ड्रिया (पेशीला ऊर्जा देणारे, स्वतःचा डीएनए असलेले भाग) दानाकडे बघावं. ब्रिटनने २०१५ मध्ये कायदा करून ते चालू केलं आणि जुलै २०२५ मध्ये अशी आठ मुलं जन्मल्याचं प्रसिद्ध झालं. मुलींकडून तो डीएनए पुढे जाणारच. आकाश कोसळलं नाही.

'बाळाची संमती नाही' हा युक्तिवाद मला सर्वात लंगडा वाटतो. कोणतंच बाळ आपल्या जनुकांना संमती देऊन येत नाही. त्या न्यायाने नवजात बाळावर शस्त्रक्रियाही करू नये.

दुर्बीण

मायटोकॉन्ड्रियाची तुलना थोडी तपासून घ्यावी लागेल. तिथे काहीच कापत नाहीत. केंद्रक उचलून निरोगी मायटोकॉन्ड्रिया असलेल्या बीजांडात ठेवतात. चूक एकाच प्रकारची होऊ शकते: केंद्रकासोबत आईच्या सदोष मायटोकॉन्ड्रियांचा अंश जाणं. काही बाळांत तो थोडा सापडलाही. पण काय शोधायचं ते आधीपासून माहीत असतं आणि टक्क्यात मोजता येतं. क्रिस्परच्या कटात काय शोधायचं हेच आधी माहीत नसतं.

भ्रूणातलं अडथळ्याचं मूळ एकपेशी अवस्थेत आहे, म्हणून तिला वळसा घालायचा विचार जास्त सयुक्तिक वाटतो. शुक्राणू बनवणाऱ्या मूळपेशी बाहेर वाढवायच्या, संपादित करायच्या, एकेका पेशीपासून वसाहत तयार करायची, अख्खा जीनोम लांब पल्ल्याच्या वाचनाने वाचायचा आणि ज्या वसाहतीत फक्त हवा तोच बदल आहे तीच वापरायची. म्हणजे रक्ताच्या उपचारासारखं 'आधी तपासा, मग वापरा' शक्य होतं. उंदरांत हे करून दाखवलेलं आहे. माणसाच्या ह्या पेशी इतका काळ बाहेर स्थिर वाढवणं अजून जमलेलं नाही, आणि वाढवताना त्यांत स्वतःहून पडणारे बदल हा नवा घोळ आहेच.

पेशीपुराण

रानपाखरू ह्यांच्या जोडप्याला आज काय सांगता येईल, तेही लिहायला हवं. दात्याचं बीजांड किंवा शुक्राणू, दत्तक, किंवा मूल झाल्यावर त्याच्यावर उपचार. तिसरा पर्याय ब्युसल्फानमुळे आज क्रूर वाटतो. पण मज्जा रिकामी न करता शरीरातच संपादन करण्याची दिशा यकृतात चालून दाखवली गेली आहे. २०२१ मध्ये टीटीआर प्रथिनाच्या आजारात मेदकणांतून कात्री पाठवली, तर किलोमागे ०.३ मिलिग्रॅमच्या एका मात्रेने २८ दिवसांत ते प्रथिन सरासरी ८७ टक्के घटलं. २०२५ मध्ये सीपीएस१ च्या कमतरतेने रक्तात अमोनिया साठणाऱ्या एका बाळासाठी त्याच्याच दोषावर बेतलेला बेस एडिटर सहा महिन्यांत तयार करून टप्प्याटप्प्याने तीन मात्रा दिल्या. मेदकण इथे सोयीचे, कारण विषाणूसारखी त्यांच्याविरुद्ध पक्की प्रतिकारशक्ती तयार होत नाही, मात्रा पुन्हा देता येते. शिवाय थोडं देऊन थांबून बघता येतं. मज्जेतल्या मूळपेशींपर्यंत ते पुरेसे पोचवणं हे आता खरं काम आहे.

रानपाखरू

मान्य, हा पर्याय माझ्या मांडणीत नव्हता. मग एक अवांतर. 'परत घेता येत नाही' ही कसोटी असेल तर भ्रूणापेक्षा जीन ड्राइव्हवर, म्हणजे एखादा बदल अख्ख्या प्रजातीत पसरवणाऱ्या तंत्रावर, जास्त बोलायला हवं. २०१८ मध्ये मलेरियाच्या अ‍ॅनोफिलिस डासात डबलसेक्स जनुकावर ड्राइव्ह बसवला, तर पिंजऱ्यातली डासांची वस्ती ७ ते ११ पिढ्यांत संपली. नेहमी निम्म्या पिल्लांत जाणारं जनुक इथे जवळजवळ सगळ्यांत जातं, म्हणून हा वेग. उघड्यावर असा ड्राइव्ह अजून कोणी सोडलेला नाही. सोडला तर तो सीमा विचारणार नाही, आणि परवानगी नक्की कोणाकोणाकडून घ्यायची ह्याचं उत्तर कोणत्याच कायद्यात नाही.

तिरकस

जीन ड्राइव्हसाठी वेगळा धागा काढा, तो विषय इथे मावणार नाही.

संमतीबद्दल मात्र तुम्ही घाईने पुढे गेलात. बाळाच्या वतीने आईबाप निर्णय घेतात हे बरोबर, पण तो आजारी असलेल्या बाळासाठी, आणि त्या बाळापुरता. मी म्हणतो ती अडचण साधी, कारकुनी स्वरूपाची आहे. दुर्बीण ह्यांनी १५ वर्षांचा पाठपुरावा सांगितला. भ्रूण संपादनात १५ वर्षं पुरणार नाहीत. मोझेइक बदल बीजांडांत उतरलाय का, हे त्या मुलीला मूल होईपर्यंत कळत नाही. म्हणजे दोन पिढ्या तरी रक्ताचे नमुने घेत राहावे लागतील. कोणत्याही चाचणीतल्या माणसाला कोणत्याही दिवशी, कारण न देता, बाहेर पडायचा हक्क असतो, आणि तो काढून घेता येत नाही. ती मुलगी अठराव्या वर्षी म्हणाली की मला तपासू नका, माझ्या मुलांनाही नको, तर फाइल तिथे बंद करावी लागेल. पण तिच्यातला बदल पुढे जायचा तो जाणारच.